एकाही पानाला भोक नव्हतं

मालननं बादलीवर वाटी वाजवली. तळ्यातल्या माशांना आजवर सुक्या मासळीची कुटीच घातली होती. आज पहिल्यांदाच तिनं स्वतः टबात वाढवलेल्या अळ्या आणल्या होत्या.

"तोंड लावायचे नाहीत गं," सासूबाई काठावरून म्हणाल्या. पण वाटीच्या आवाजासरशी मासे उसळले आणि घमेलंभर अळ्या बघता बघता फस्त झाल्या.

दुपारी ती टबापाशी गेली. सकाळी तिथं नुसती वळवळ होती. आता उरलेल्या सगळ्या अळ्या निपचित पडल्या होत्या. तिनं काडीनं ढोसून पाहिलं. एकही हलली नाही.

"आत्याबाई, यात काही टाकलंत का?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"मी कशाला टाकतेय? काल संध्याकाळी तू कोबीचा पाला आणलास, तेवढाच. म्हणालीस ना, किती छान आहे, एका पानाला भोक नाही!"

मालनच्या आता लक्षात आलं. भोक नाही, म्हणजे फवारलेला. अळ्या मारायचं औषध तिनं आपल्याच हातानं अळ्यांना चारलं होतं, आणि त्याच अळ्या सकाळी माशांना.

ती तळ्याकडे धावली. तिनं बादली वाजवली. क्षणभर पाणी हललंच नाही. मग मासे वर आले, तोंडं वासून, सकाळचाच घास पुन्हा मागत. तिनं कुठं श्वास सोडला, तोच त्यांच्या मागनं एक आला, कुशीवर कललेला.