ताकदीचा गिअर

रोबोटांच्या स्पर्धेत ब्रिन कंट्रोलर घट्ट धरून उभी होती. सकाळची मॅच तिच्यामुळेच गेली होती. ऐन ढकलाढकलीत ताकदीचा, खालचा गिअर टाकायलाच ती विसरली आणि समोरच्यांनी ब्रिनच्या टीमचा रोबोट पार भिंतीपर्यंत रेटत नेला. आता फायनल. पुन्हा विसरली तर सगळं इथेच संपणार.

"गिअर डोक्यातून काढून टाक," प्रोग्राम लिहिणारा एझ्रा तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "रोबोट आता आपला आपण बदलतो. तू फक्त पळव."

मग काय, ब्रिनने पळवला! लाल रोबोट अंगावर आला, हिने ओठ चावत सरळ टक्कर घेतली आणि खरंच, नेमक्या क्षणी गिअर पडला. लाल रोबोट मागे! परत आला, परत मागे! भोंगा वाजला. जिंकले!

ब्रिनने धावत जाऊन एझ्राला मिठीच मारली. "काय प्रोग्राम लिहिलायस रे!"

"कसला प्रोग्राम? तो चाललाच नाही. गिअरचं बटण मी डेक्लनच्या कंट्रोलरवर टाकलं."

रोबोटचा हात चालवायला मॅचभर तिच्या शेजारी उभा असलेला डेक्लन अंगठा चोळत हसला. "तू ओठ चावलास की मी दाबायचो."