आक्काबाईची राख

आक्काबाईची राख सावडून अख्खं गाव नीरेच्या घाटावर आलं. याच डोहाचं पाणी गाव पिढ्यानपिढ्या प्यालं, इथंच मेंढरं न्हाली, आणि आक्काबाई नवरी होऊन पल्याडून होडीतनं इथंच उतरली. आता पाणी काळं पडलं होतं, वर फेस तरंगत होता. मानसिंगआबांनी बायकोच्या राखेचं गाठोडं छातीशी धरलं. “ह्या घाणीत तिला सोडवत न्हाय.” “मग संगमावर नेऊ, आबा,” मुलगा रणजित म्हणाला. “तितंबी हेच पानी जातंय. पूर येऊ दे.” गाठोडं काठावरच्या लिंबाला बांधलं. आबा रोज त्याखाली जाऊन बसू लागले, तिच्याशी बोलू लागले. श्रावणात वरच्या धरणातून पाणी सुटलं, घाण वाहून गेली, पुढं तळातले खडेही दिसू लागले. “चला आबा, पानी नितळ झालंय,” रणजित म्हणाला. आबा लिंबाखालून उठलेच नाहीत. “अजून जरा निवळू दे.”