बाहेरून आणा

सरकारी दवाखान्यातल्या यंत्रात काचेमागे औषधाची कुपी तयार होती, पण झाकण उघडत नव्हतं.

घोणस चावलेल्या कांताच्या रक्ताचा थेंब तपासून यंत्रानं उतारा तिथल्या तिथं बनवला होता. तिचा नवरा, विश्वनाथ कुमरे, काचेला हात लावून उभा होता.

"यंत्र कंपनीचं आहे. खरेदी मंजूर झाल्याशिवाय ते औषध सोडत नाही," फार्मासिस्ट उईकेबाई म्हणाल्या. "कायद्यानं तीन निविदा लागतात. कंपनी उरलीय एकच. फेरनिविदा काढून काढून कंटाळलो आम्ही."

डॉक्टर सोनटक्क्यांनी, इतकी वर्षं लिहीत आले होते तशीच, चिठ्ठी लिहिली. "सध्या बाहेरून आणा."

विश्वनाथ धावत गेला आणि तसाच धापा टाकत परत आला. समोरच्या मेडिकलच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. हे यंत्र बसल्यापासून तालुक्यातलं एकेक मेडिकल बंद पडत गेलं होतं.

"साहेब, बाहेर आता काहीच नाही राह्यलं."

डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली. ती बराच वेळ पाहिली. शिक्का मारायचा राहिला होता. तो मारून त्यांनी ती पुन्हा त्याच्या हातात ठेवली.