बाईसाहेबांना विचारा

“एवढं सोपं असतंय, तर तुमचं झालंय का डॉक्टर?”

कसबा पेठेतल्या दवाखान्यात पुरुष नसबंदीचं शिबिर होतं आणि तांब्याची भांडी घडवणारा मच्छिंद्र टेबलावर चढायला तयार नव्हता. त्याचा प्रश्न ऐकून बाकावरचे बाकीचे पुरुषही पुढे सरकले. दारात त्याची बायको प्रेमला उभी होती, पांढरीफटक. दोन बाळंतपणांत मरता मरता वाचलेली. तिसरं झेपायचं नाही, असं तिला डॉक्टर श्यामलानेच बजावलं होतं.

श्यामलाचा नवरा, डॉक्टर माधव, मोठ्याने हसला. “झालंय म्हणजे काय? पाच वर्षं झाली! दोन मिनिटांचं काम, काही कळतसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पर्वती चढून आलो. खोटं वाटत असेल तर आमच्या बाईसाहेबांना विचारा.”

सगळे श्यामलाकडे बघायला लागले.

शुद्ध थाप होती. शेकडो पुरुषांना टेबलावर घेतलेला हा माणूस स्वतःचा विषय निघाला की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचा. गोळ्या श्यामलाला सोसत नव्हत्या. तारखा मोजून राहू नका, असं ती बायकांना रोज कानीकपाळी ओरडून सांगायची आणि घरी तारखाच मोजायची. डॉक्टर ना आपण, आपल्याला सगळं कळतं! आज सकाळी पेशंटसाठी ठेवलेल्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्ट्यांतली एक तिने स्वतःसाठी काढली. दोन रेघा उमटल्या. बेचाळिसाव्या वर्षी खरं तर लाज वाटायला हवी होती, पण तिला आनंद झाला. भलताच आनंद. पट्टी ॲप्रनच्या खिशात होती, दुपारच्या चहाला ती माधवला सांगणार होती.

प्रेमला तिच्या तोंडाकडे बघत होती. श्यामला नाही म्हणाली असती तर मच्छिंद्र चपला घालून चालता झाला असता.

“हो,” श्यामला म्हणाली. “झालंय त्यांचं.”

मच्छिंद्र टेबलावर चढला. प्रेमलाने श्यामलाचा हात घट्ट धरला. “नशीबवान आहात हो बाई तुम्ही.”

दुपारी चहा आला. श्यामलाने पट्टी माधवसमोर ठेवली. त्याने ती बघितली, उठला आणि आधी दार लावून घेतलं.

“हे आता ठेवता येणार नाही,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “अख्ख्या पेठेला सांगून बसलोय मी. लोक काय म्हणतील?”

“तुला काही म्हणणार नाहीत. मला म्हणतील.”

“म्हणूनच सांगतोय. उद्याच उरकून टाकू. अगं, दोन मिनिटांचं काम. काही कळतसुद्धा नाही.”

श्यामलाने पट्टी उचलून परत खिशात टाकली.

“आणि तिसऱ्या दिवशी पर्वती चढायची ना?”