रांगेतली पहिली सायकल

“पोरीले उद्या सायकलवर नेऊ नको वं, उत्तरा. पतंगाचा मांजा आडवा येते. डोळ्याले दिसत नाही तो, गळ्याले दिसते.”

यमुताई भोगीच्या भाजीसाठी वाटाणे सोलत होत्या. उत्तरा हसली. एरवी अशा गोष्टींवर तिला हसू येत नसे. केतकी शिंकली तरी ती थर्मामीटर शोधायची. पोर गाढ झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. पण सासूबाईंना तर न्हाणीघरातली बादलीसुद्धा दबा धरून बसलेली वाटे. दोघींनी मिळून इतकी काळजी केली, तर पोर मोठी व्हायची कशी?

“आई, आमची रांग बैलगाडीसारखी चालते,” ती म्हणाली. “आणि हा मान पुन्हा थोडाच मिळणार?”

मान असा होता. धरमपेठेतल्या बायकांचं सायकल मंडळ दर संक्रांतीला काळ्या साड्या नेसून शहरातून फेरी काढायचं. जिच्या बाळाची पहिली संक्रांत, तिची सायकल सगळ्यांच्या पुढे. बाळंतपणानंतर उत्तराने सायकलला हात लावला नव्हता. उंबऱ्याबाहेर एक मोठा रस्ता आहे, हेच ती विसरत चालली होती.

सकाळी तोंडातून वाफा निघत होत्या. हँडलांना झेंडूच्या माळा होत्या. कुणाच्या तरी कॅरिअरवर ट्रान्झिस्टर गात होता. केतकी हँडलला अडकवलेल्या वेताच्या खुर्चीत बसली होती. अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचीच माळ. मंडळाच्या प्रमुख शोभाताईंनी शिट्टी तोंडाशी नेली, तेवढ्यात कोपऱ्यावरून खडखडत एक सायकल आली. शाळेत शिकवत होत्या तेव्हाची ती जुनी सायकल काढून यमुताई स्वतः आल्या होत्या. त्या थेट उत्तराच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“काकू, तुम्ही मागं या न,” शोभाताई म्हणाल्या. “आज सुनेचा मान आहे.”

“तिचा मान माझ्यामुळंच नं? माझा पोरगा नसता तं हिले पोर कुठून झाली असती?”

सगळ्या खो-खो हसल्या. उत्तरा हसली नाही.

रांग निघाली. उत्तरा उजवीकडून पुढे जायला बघे, तर यमुताई उजवीकडे. डावीकडून बघे, तर डावीकडे. बर्डीच्या बाजारात एका फोटोग्राफरने फोटो काढला. त्यात पुढे यमुताई येणार आणि त्यांच्या पाठीमागून हलव्याच्या मुकुटाचं टोक तेवढं दिसणार, हे उत्तराला तिथेच कळलं. सासूला सुनेचा एवढासा मानही सोसत नाही, असं शोभाताई कुणाला तरी म्हणाल्या. ते तिने ऐकलं, आणि तिला बरं वाटलं.

पुढे महाल वस्तीत गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. वर “ओ पाऽर!” असा गलका उठला. एक पतंग कटून लहरत गेला. त्याच क्षणी यमुताईंनी उजवा हात झटकन वर उचलला. सायकल डुगडुगली, पाय जमिनीला टेकतोय की काय असं झालं, मग पुन्हा सरळ झाली.

“काकू, सलामी देऊन राहिल्या का?” मागून एकीने विचारलं.

“हो. गच्चीवर ओळखीचे आहेत,” यमुताई मागे न बघता म्हणाल्या.

तिथून पुढे त्यांनी उजवा हात पदरात घेतला आणि एका हाताने सायकल चालवली. आता करामतीसुद्धा दाखवताहेत, उत्तराच्या मनात आलं. तिने दात आवळून पायडल मारलं. यमुताई पुढेच राहिल्या.

गांधीसागर तलावापाशी सायकली उभ्या राहिल्या. तिळगुळाचे डबे उघडले. यमुताईंनी एक लाडू उचलून उत्तरापुढे धरला. डाव्या हातात.

उत्तराचा हात मध्येच थांबला. डाव्या हाताने पाणी दिलं म्हणून पाहुण्यांदेखत तिला पेला परत घ्यायला लावणाऱ्या या यमुताई. आणि आज, संक्रांतीचा तिळगूळ? तिने त्यांचा पदर बाजूला केला. तळहात बोटांच्या मुळापासून आडवा चिरला होता. मांजाचा गुलाबी तुकडा अजून मांसात होता. काळ्या साडीने सगळं रक्त पिऊन टाकलं होतं, म्हणून कुणाला काही दिसलं नव्हतं.

उत्तराने केतकीच्या गळ्याकडे पाहिलं. हलव्याची माळ होती. तिच्या वर एवढीशी गोरी मान होती, आणि त्या मानेवर काही नव्हतं.

“आई, सांगितलं का नाही?”

“सांगतलं तं होतं. काल,” यमुताई म्हणाल्या. “तू आयकली नाही, म्हणून म्हटलं आपणच पुढं चालावं.”

टाके पडले. संध्याकाळी मुलाने विचारलं, तेव्हा यमुताईंनी विळी लागल्याचं सांगितलं. उत्तराने तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. शेजारच्यांनाही विळीच. तलावापाशी सगळं बघितलेल्या शोभाताई ओशाळून भेटायला आल्या, त्यांनाही विळीच.

आता त्या कळमेश्वरला भावाकडे, चंपतरावांकडे, हुरडा खायला गेल्या आहेत. टाके निघेपर्यंत थांबा म्हटलं, तर हुरडा कोणासाठी थांबते काय, म्हणाल्या. उत्तरा तान्ह्या पोरीला घेऊन मागे धावू शकत नाही. तुम्ही तिकडचे असाल, तर चंपतरावांच्या घरी एकदा डोकावून या. विचारलंत तर विळीच लागली म्हणतील. हो म्हणा. फक्त हाताची पट्टी ओली नाही ना, तेवढं बघा.