तळमजल्याचं घर

सैन्याच्या निधीतून घरकर्ज मंजूर झाल्याचं पत्र घेऊन शैला साताऱ्यातल्या बिल्डरच्या ऑफिसात बसली होती. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट पक्का करायचा होता. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. हवालदार सयाजी सीमेवर होता आणि गेले बारा दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

"शैला, चौथा नको. तळमजल्याचा घे."

"अहो, तुम्हालाच तर खिडकीतून किल्ला दिसायला हवा होता!"

"असू दे. आणि बाथरूमचं दार रुंद आहे का, बघून घे."

पलीकडे कुणीतरी "सिस्टर" अशी हाक मारलेली तिला ऐकू आली.

"कुठून बोलताय?"

"इस्पितळातून. सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला."

अजून काय लपवलं असेल, ही भीती तिला सोडेना. "बाकी? खरं सांगा."

"बाकी सगळा आहे मी. देवाशपथ."

तिनं डोळे पुसले. बिल्डरचा माणूस चौथ्या मजल्याची किल्ली घेऊन उभा होता.

"ती राहू द्या," ती म्हणाली, "मला मोजायचा टेप द्या."