तिरळी देवी

बाईंनी शालीतून काचेचा मणी काढला. त्यावरची देवी तिरळी. माझ्याच हातची चूक. "याचा जुळा गळ्यात बांधून लेकीला उकिरड्यावर ठेवलं होतं. नवऱ्याला मुलगी नको होती. आता तो गेला, तिला न्यायला आलेय." त्यांची नजर भट्टीपाशी खजूर खाणाऱ्या माझ्या पोरीच्या गळ्यातल्या मण्यावर होती. "बाई, काचेच्या एका कांडीच्या चकत्या पाडल्या की शंभर सारख्या देव्या निघतात," मी हसले. "निम्मी अलेक्झांड्रिया असलं ध्यान मिरवते." "मग दुसरा दाखव." दोनदाच कापलेल्या कांडीची मी तिसरी चकती पाडली. तश्शीच तिरळी. बाई खचल्या. उठताना त्यांनी पोरीला विचारलं, "नाव काय गं?" "कोप्रिया." उकिरड्यावरून उचललेल्या पोरांचं आमच्याकडे हेच नाव. माझा चिमटा थिजला. पोर माझ्या ओच्याला बोटं पुसत होती. बाईंनी आपला मणी माझ्या तळहातावर ठेवला. "हाही ओव. दोघी मिळून लक्ष ठेवतील."